जफर पेटीवाल्याचं पान

जफर पेटीवाल्याचा भरोसा कशावरच नव्हता. दूधवाल्यानं दूध ओतलं की हा भांडं उजेडाकडे नेऊन पाहणार. डॉक्टरनं गोळी दिली की दुसऱ्या औषधाच्या दुकानात जाऊन तीच गोळी दाखवणार आणि विचारणार, ही कशाची आहे. कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेलेला माणूस एकदा परत येऊन कुलूप ओढून पाहतो, त्यात काही नवल नाही. जफर दोनदा परत यायचा आणि दुसऱ्या खेपेला खिडकीतून आतही डोकावायचा. बायको गौहर म्हणायची, "तुमचा तं सावलीवरबी शक आहे." त्यावर त्यानं मागं वळून सावलीकडे पाहिलं, असं मोहल्ल्यात सांगतात. तेवढं मात्र लोकांनी पदरचं घातलेलं असावं.

पण दोन गोष्टींवर त्याचा आंधळा विश्वास होता. एक स्वतःचा कान आणि दुसरी पोरगी कशफ.

कानाचं म्हणाल तर चाळीस वर्षं तो पेट्या दुरुस्त करत आला होता. कळंब चौकाच्या अलीकडे त्याचं दुकान. नेरपासून घाटंजीपर्यंतच्या भजनी मंडळांच्या, बुद्धविहारांच्या, कव्वाली पार्ट्यांच्या पेट्या त्याच्याकडे यायच्या. पेटीच्या पोटात पितळेच्या बारीक पत्त्या असतात. टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. एका सुराला दोन पत्त्या, आणि त्या दोघी तंतोतंत जुळल्या नाहीत तर आवाजात एक थरथर येते. जफर तिला लहर म्हणायचा. ही लहर मारायची म्हणजे केसाएवढं पितळ घासायचं, भाता हलवायचा, ऐकायचं, पुन्हा घासायचं. काम संपलं की झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहायचं, जफर, यवतमाळ, आणि तारीख. लहानपणी भाता हलवायला कशफच बसायची. आता ती चोवीस वर्षांची झाली होती, एका शाळेत शिकवत होती, तरी रविवारी बसायचीच.

आता पान म्हणजे काय ते सांगायला हवं. एप्रिलात जयंतीचा आठवडा आला की यवतमाळात चौकाचौकांत मंडप पडतात. आठ तारखेपासून चौदापर्यंत रोज संध्याकाळी कुठं भीमगीतं, कुठं कव्वालीचा मुकाबला, कुठं ऑर्केस्ट्रा, तर कुठं गझल. माणसानं जावं कुठं? लोक जफरला विचारायचे, कारण तो स्वतः पाटीपुऱ्यातल्या भीमराजच्या गाण्याच्या पार्टीत वीस-बावीस वर्षं पेटी वाजवत आलेला. रोज शंभर जणांना तेच सांगून त्याचं डोकं पिकलं, तेव्हा त्यानं कॅलेंडरच्या पाठीमागं लिहून कागद दुकानाच्या शटरला चिकटवला. तेच जफरचं पान. त्यात भीडभाड नाही. "आज लोहाऱ्यात ऑर्केस्ट्रा. पत्रिकेवर सात लिहिलं आहे, त्यावर जाऊ नका. आधी सत्कार आहेत, बावीस हार आणलेले म्या पाह्यले. जेवण करून साडेआठले या. डाव्या खांबापाशी बसा, उजवीकडे जनरेटर आहे. ढोलकीवाला चांगला, निवेदक लय बोलते." खाली आदल्या दिवशीच्या गाण्याचा निकाल. कोण चांगलं गायलं, कोण घसरलं. पुढच्या साली कोणाला बोलवायचं हे मंडळवाले त्या पानावरून ठरवायचे, इतका त्याला मान.

गेली पाच-सहा वर्षं पान शटरऐवजी मोबाइलवर जायचं. जफर कागदावर लिहायचा आणि कशफ ते टाइप करून पाठवायची. त्याच्या स्वतःकडे बटणाचाच फोन होता. मोठ्या फोनात कोण आत बसून ऐकते काय माहीत, असं त्याचं म्हणणं.

या साली आठवडा सुरू व्हायच्या आधीच त्याच्या मनात पाल चुकचुकली होती. भीमराजनं त्याला पेटीवर बोलावलंच नाही. "ऊन लय आहे, जफरभाऊ. या साली तुम्ही मस्त समोर बसा अन् पान लिहा," असं गोड बोलून मोकळा झाला. बावीस वर्षं ऊन नव्हतं काय? जफरनं ते मनात जपून ठेवलं.

नऊ तारखेच्या सकाळी तो टपरीवर चहा पीत होता. तिथं संघदीप आला. हा अर्ध्या गावाच्या मंडपांना साउंड लावणारा.

"चाचा, ममताबद्दल काय झकास लिहिलं तुमी. पोरगी रडली वाचून."

ममता म्हणजे भीमराजची सून. आदल्या संध्याकाळी तीच गायली होती. जफरचा कप ओठाशीच थांबला. त्यानं लिहिलेलं त्याला शब्दन् शब्द आठवत होतं. "ममता खालच्या सुरात बरी. वर गेली की आवाज गिळते, काईच ऐकू येत नाही." हे वाचून कोणी आनंदानं रडत नाही.

"पाहू," तो म्हणाला.

संघदीपनं फोन दिला. जफरनं तो हातभर लांब धरून वाचला. सत्कार होते, हार होते, जनरेटर होता, निवेदकही होता. आणि ममताच्या नावापुढं लिहिलं होतं, "वरचा सूर इतका साफ, की आठवडाभर कानात राहील."

"हे तुले कुठून आलं?"

"पाटीपुऱ्याच्या ग्रुपवरून. काहून?"

"काई नाही."

संशयी माणसाची एक खोड असते, तो सरळ कधी विचारत नाही. सरळ विचारलं की समोरचा सावध होतो. जफर चहा तसाच ठेवून घरी आला. कशफ कणीक मळत होती.

"बेटा, पान जसंच्या तसं पाठवलं ना?"

"हो अब्बा."

तिनं मान वर केली नाही. ते त्याला दिसलं, पण कणकेत हात असलेल्या माणसानं वर कशाला पाहावं? दुसरं कोणी असतं तर त्यानं तेवढ्यावरून स्वर्ग गाठला असता. कशफच्या बाबतीत त्यानं ते सोडून दिलं. म्हणजे वाटेत कोणी तरी बदललं. त्याच्या नावावर कोणी तरी दुसराच निकाल देत होता. तळपायाची आग मस्तकात गेली त्याच्या. चाळीस वर्षांत त्यानं काय कमावलं होतं? दुकान भाड्याचं, घर बापाचं. नाव तेवढं स्वतःचं होतं, आणि कोणी तरी तेच वापरत होतं.

मग त्यानं सापळा लावला. दहा तारखेच्या पानात मुद्दाम लिहिलं, मंडपाच्या मागं पाण्याच्या टाकीपाशी बसा, तिथं आवाज सगळ्यात चांगला. संध्याकाळी जाऊन पाहतो तर टाकीपाशी हीऽ गर्दी. टाकी गळत होती, तरी बिचारे चिखलात चपला रुतवून कौतुकानं ऐकत होते. म्हणजे बसायची जागा बदलली नव्हती. वेळही बदलली नव्हती. तबलेवाल्याला त्यानं घाईवाला म्हटलं होतं, तेही तसंच पोचलं होतं, कारण तबलेवाला तोंड फिरवून गेला. शेजारच्याच्या फोनात पान पाहिलं, तर बदललं होतं एकच. पुसदच्या एका पोराबद्दल त्यानं लिहिलं होतं, "वर दम पुरत नाही." ते गायब आणि त्या जागी भलतीच तारीफ.

म्हणजे चोर साधासुधा नव्हता. त्याला फक्त वरच्या सुरांशी मतलब होता. चोर गाण्यातला होता.

पहिला संशय संघदीपवर. या साली त्याच्या साउंडमध्ये काही जीवच नव्हता. सगळं गोधडीतून आल्यासारखं. नक्की यानं भोंगे बदलले, हलका माल लावला आणि बोभाटा होऊ नये म्हणून पानात हात घातला. अकराला संध्याकाळी जफर मंडपात लवकर जाऊन एकेका भोंग्याला कान लावून आला. संघदीप वायरी ओढता ओढता पाहत होता.

"काय शोधून राह्यले, चाचा?"

"तू काय लपवून राह्यला ते."

"अरे बाप्पा," संघदीप हसला, "या सालीच नवे घेतले. अमरावतीलेबी असे नाहीत."

पण त्याच संध्याकाळी दुसऱ्या चौकात वर्ध्याच्या माणसाचा साउंड होता, आणि तिथंही तेच. वरचं सगळं बोथट. दोन गावचे साउंडवाले एकमेकांना मिळालेले असावेत असं जफरनं पाच मिनिटं खरंच मानलं. मग त्याचं त्यालाच ते जड गेलं. उरला कोण? पान पाटीपुऱ्याच्या ग्रुपवरून फिरत होतं. पाटीपुऱ्यात राहतो भीमराज. ममता भीमराजची सून. भीमराजनंच त्याला पेटीवरून उठवलं होतं. सगळं एका जागी येऊन बसलं, आणि त्याला जरा बरंही वाटलं.

बारा तारखेला सकाळी दहाच्या उन्हात तो भीमराजच्या दारात उभा राहिला. भीमराज एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेला, देहानं दांडगा, बोलायला मऊ.

"या जफरभाऊ. एवढ्या उन्हात?"

"पेटी पाह्यची होती. चौदाले मोठा कार्यक्रम आहे तुह्या पार्टीचा. एखादी पत्ती अडकली तं?"

"नाही ना, चांगली आहे पेटी."

"पाहून घेतो."

"बसा तं. पाणी घ्या."

भीमराज पाण्याचा तांब्या घेऊन नेमका पेटीच्या आणि त्याच्या मधे उभा राहिला. एवढं जफरला पुरे होतं. त्यानं तांब्या बाजूला ठेवला, खिशातून पेचकस काढला आणि पेटीचं झाकण उघडलं. आत त्याच्या पेन्सिलीच्या तारखा होत्या, एकाखाली एक, बावीस वर्षांच्या. सगळ्यात खाली वेगळंच अक्षर होतं. निळ्या शाईत. अमरावती, आणि डिसेंबरातली एक तारीख.

नवऱ्याच्या खिशात दुसऱ्या बाईची चिठ्ठी सापडावी तसं झालं त्याला.

"हे काय आहे बे?"

भीमराजनं तांब्या उचलून परत जागेवर ठेवला.

"अमरावतीले काहून गेलता? माह्या हातात काय खोट आली?"

"हातात नाही, भाऊ."

"मग कशात?"

भीमराज खाली बसला. त्यानं गमछ्यानं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं.

"मागच्या दिवाळीत ममता गात होती, अन् तुमी वाजवत होते. वरच्या सुराले पेटी नुसती बोंबलत होती. पोरगी घाबरून माह्याकडे पाहून राह्यली, लोक पाहून राह्यले. अन् तुमी डोळे मिटून, खुशीत." त्यानं गमछा खांद्यावर टाकला. "मले नका बोलायले लावू, जफरभाऊ. कशफले इचारा."

कशफ. परतीच्या रस्त्यानं जफरला ऊन लागलं नाही. कणकेतून वर न आलेली मान आठवत होती. पान बदलणारा गाण्यातला आहे. आणि पान कशफच्याच हातातून जातं. इतकं सोपं होतं, आणि सगळ्या यवतमाळावर डोळ्यांत तेल घालून पहारा करणाऱ्या माणसानं तेवढं एक दार उघडं ठेवलं होतं.

घरात शिरला तो चप्पल न काढता.

"पान तू बदलते?"

कशफ शाळेच्या वह्या तपासत होती. तिनं पेन खाली ठेवलं. नाही म्हणाली नाही, रडलीही नाही. उठली, कोपऱ्यातली दुरुस्तीला आलेली एक पेटी काढली आणि समोर मांडली. कालच त्यानं ती पुरी केली होती, झाकणात तारीखही घातली होती. तिनं भाता हलवला आणि उजवीकडची शेवटून तिसरी पट्टी दाबली.

"अब्बा, लहर येते का?"

"नाही. साफ आहे."

तिनं पट्टी तशीच दाबून ठेवली. भात्यावरचा हात काढला, झटकन त्याची दोन बोटं धरली आणि पत्त्यांवरच्या लाकडावर टेकवली. मग पुन्हा भाता हलवला.

बोटांना थरथर लागली. बारीक, भराभर, एकसारखी. चाळीस वर्षं कानानं पकडून मारलेली लहर. त्यानं बोटं उचलली, पुन्हा टेकवली.

"दाब अजून."

तिनं दाबली. हवा होती तोवर थरथर होती. कानात मात्र दुरून आल्यासारखा नुसता साफ, गोल सूर.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"दोन साल झाले असतील. आधी कमी होतं."

"सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तं तुमी माह्यावरबी शक घेतला असता. मग या घरात तुमच्याजवळ कोण राह्यलं असतं?"

गौहर स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही, म्हणजे तिलाही ठाऊक होतं.

"तू माह्या नावानं खोटं लिहिलं," जफर म्हणाला. आवाज चढला होता त्याचा.

"खोटं तुमी लिहून राह्यलते, अब्बा. म्या खरं लिहिलं." आणि मग तिनं ते सांगितलं, जे ती वर्षभर गिळून होती. "मागच्या जयंतीत घाटंजीची अपेक्षा आलती गायले. आठवते? तुमी लिहिलं, वर जातच नाही, आवाज मधेच बसते. म्या जसंच्या तसं पाठवलं. मी तुमच्या बाजूलेच बसली होती. ती पोरगी इतकी वर गेली, इतकी वर गेली, का बाया पदरानं डोळे पुसत होत्या. त्या पानानंतर तिले कोणी बोलावलं नाही. या साली सातही दिवसांत तिचं नाव नाही. गणपतीतबी नव्हतं. तेव्हापासून बदलते मी."

जफरला ती पोरगी आठवली. निळी साडी, सोबत बाप. तोंड मोठं उघडलेलं आणि आवाज काहीच नाही. तेव्हा त्याला तिची कीवच आली होती. आता त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की बसायला जागा सुचेना.

तेरा तारखेला पान निघालं नाही. लोक दुकानावर येऊन विचारून गेले, आज कुठं जावं, कुठं बसावं. जफरनं शटर अर्धं खाली ओढलं होतं. आत तो एकेक पेटी समोर घेत होता आणि भाता हलवून वरच्या पत्त्यांवर बोटं टेकवत होता. दुकानात अकरा पेट्या होत्या, त्याच्या तारखा घातलेल्या. सातांत थरथर होती. गौहरनं डबा आणला आणि म्हणाली, कानाच्या डॉक्टरला दाखवू या. तो म्हणाला, "दाखवू. पण दोन डॉक्टरांले." ती एवढ्यातही हसली.

चौदाच्या सकाळी त्यानं कशफला बोलावलं. या वेळी कागदावर लिहिलं नाही. समोर बसला आणि म्हणाला, "मी सांगतो, तू लिही. एक शब्द इकडचा तिकडे नाही पाह्यजे."

ती लिहू लागली. आधी आजची मिरवणूक, कुठून सावलीनं जावं, कुठं पाणी आहे. मग भीमराजच्या पार्टीची वेळ. आणि पुढचं तो एका दमात बोलला.

"मागच्या साली घाटंजीच्या अपेक्षाबद्दल म्या जे लिहिलं ते चूक होतं. ते माह्या कानाची चूक होती. ती पोरगी चांगली गायली. मंडळवाल्यांनी तिले बोलवावं. दुसरं, दोन सालात ज्यांनी ज्यांनी माह्याकडून पेटी सुधरवून नेली, त्यांनी ती वापस आणून द्यावी. वरचे सूर चुकले आहेत. मले वरचं ऐकू येत नाही."

कशफची बोटं थांबली.

"अब्बा, अपेक्षाचं पाठवते. पेट्यांचं नको. दुकानात कोणी येणार नाही यानंतर."

"तिचं गाणं बंद झालं तं माह्यं दुकानबी होऊ दे थोडं. पाठव."

तिनं पाठवलं. त्याच्यासमोर पाठवलं. तरी हा माणूस जफर होता. चप्पल घालून तो थेट टपरीवर गेला. संघदीप निळा फेटा बांधून चहा पीत होता आणि फोनकडेच पाहत होता. जफरला पाहून तो उभा राहिला आणि त्यानं बाकावरची जागा मोकळी करून दिली.

"दाखव," जफर म्हणाला.

फोन हातभर लांब धरून तो एकेक ओळ वाचत गेला. मिरवणूक होती. पाणी होतं. अपेक्षाचं होतं, तसंच्या तसं. पेट्यांचं होतं. वरचं ऐकू येत नाही, हेही होतं. मग खाली आणखी एक ओळ आली.

"पेट्या दुकानात आणाव्यात. घासतील अब्बाच, वरचे सूर मी ऐकते. कशफ."

त्यानं ती ओळ दोनदा वाचली.

"हे म्या नाही सांगतलं," तो म्हणाला.

संघदीपनं फोनात डोकावलं. "कशफनंच मागून टाकलं असंल, चाचा. तेवढं काढून दुसरं पाठवू?"

जफरनं फोन त्याच्या हातात परत दिला.

"राहू दे," तो म्हणाला.